पंच नसलेल्या मैदानावर : मुधोळहून आदिलाबाद, दोन दिवस

आदिलाबादला खेळायला जायचं ठरलं, तेव्हा मी आधी राहायच्या जागेचं विचारलं, मग बसचं आणि मग तिथे थंडी किती असते ते. बाळू म्हणाला, "खेळाचं बी विचार काही. का फक्त झोपाले येऊन राह्यला?" सगळे हसले. खेळाचं मी विचारलं नाही, कारण त्याचीच धास्ती सगळ्यात जास्त होती.

आमचा खेळ अल्टिमेट फ्रिस्बी. मुधोळमध्ये त्याला सरळ 'थाळी' म्हणतात. एका बाजूला सात जण, मुलं-मुली एकत्र. डिस्क, म्हणजे ती प्लास्टिकची थाळी, हातात असताना धावायचं नाही, फक्त फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसानं ती झेलली की गोल. सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरेपर्यंत आम्ही बाळूच्या काकांच्या वावरात सराव करतो, एरवी शाळेमागच्या मैदानावर. शिकवते सुवर्णाअक्का. ती हैदराबादला कॉलेजात असताना हा खेळ शिकली आणि आता भैंशाच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवते. टीमची कॅप्टनही तीच.

या खेळात पंच नसतो. कुणाला धक्का लागला तर ज्याला लागला तो स्वतः 'फाउल' म्हणतो. समोरच्यानं 'मान्य' म्हणायचं किंवा 'अमान्य'. दोघांचं जुळलं नाही, तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तिथून खेळ पुन्हा सुरू होतो. मोठमोठ्या स्पर्धांतही असंच चालतं म्हणे.

माझी अडचण इथेच होती. कुणी 'फाउल' म्हटलं की मी लगेच 'मान्य' म्हणून मान हलवायचो. इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, अर्धवट सोडून मी दादाच्या भाजीच्या दुकानात लागलो. तिथे गिऱ्हाईक वांगं किडकं म्हणालं, तर मी न बघता बदलून देतो. वाद नको वाटतो.

निघायच्या आधीच्या सरावाला अक्का म्हणाली, "तुया पायाइतका जोर आपल्यात कोणाच्याच पायात नाई. पण शेवटच्या पॉइंटाले मले असा माणूस पाह्यजे जो तोंड उघडते. तू शनिवारी दाखव. मंग ठरवतो."

शेवटच्या पॉइंटाचे म्हणजे सामना बरोबरीत असताना जे सात जण उतरतात ते. दोन वर्षं खेळूनही मी त्यांत कधी नव्हतो.

शुक्रवारी दुपारी निघालो. रस्ता सोपा आहे. मुधोळहून भैंसा, तिथून निर्मल, आणि निर्मलला आदिलाबादची बस. गाड्या बऱ्याच आहेत, पण निर्मलच्या स्टँडवर जागा धरायची तर खिडकीतून रुमाल टाकणारा एक जण टीममध्ये असावा. आमच्याकडे बाळू आहे. मुलींनी आधारकार्ड जवळ ठेवावं, तेलंगणात त्यांना साध्या बसला झिरो टिकीट मिळतं, म्हणजे प्रवास फुकट. आम्ही मुलं पैसे काढत होतो तेव्हा आमची सगळ्यात लहान खेळाडू पूजा मागे वळून म्हणाली, "दादा, तुमी खिडकीत बसा. पैसे देल्ले ना तुमी." बाळूनं तिला सांगितलं की येताना तो ओढणी घेऊन बसणार आहे. कंडक्टर तेलुगूत काहीतरी बोलला आणि पुढच्या बायका हसल्या. काय बोलला ते अक्कानं आम्हाला सांगितलं नाही.

निर्मलच्या पुढे घाट लागतो. सागाची पानं मोठी, धुळीनं तांबडी झालेली. नेरडीगोंड्यापर्यंत माकडं रस्त्याच्या कडेला रांगेनं बसलेली असतात, खिडकीतून हात बाहेर काढू नका. पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायका वावरातून घराकडे निघाल्या होत्या. इचोड्याला बस थांबली. तिथल्या ढाब्यावर चहा आणि मिरची भजी घ्या. भजी तिखट असतात, पण कांदा आणि लिंबू मागितल्यावर मिळतो. मी एकच खाल्लं. पोट बिघडलं तर, हा विचार आधीच आला होता.

राहायची सोय एका फंक्शन हॉलमध्ये होती. जमिनीवर गाद्या, मुलींना वरची खोली. घरून चादर आणि कानटोपी न्या. आदिलाबादची थंडी मुधोळच्या थंडीपेक्षा चांगलीच कडक आहे, हे मी तीन जणांना विचारलं होतं आणि तिघांचंही खरं निघालं. बसभाडं, हॉलचा वाटा, जेवण, सगळं मिळून माणशी हजाराच्या आसपास खर्च आला.

शनिवारी सकाळी मैदानावर गेलो तेव्हा धुकं इतकं होतं की समोरचा पट्टा दिसत नव्हता. खाली लाल मुरूम, मधे कुठे कुठे गवत. फुटबॉलचे बूट चालतात. कोपराला आणि गुडघ्याला लावायला काहीतरी जवळ ठेवा, मुरमावर झेप घेतली की कातडी जाते. पहिला सामना आम्ही जिंकलो आणि ऊन वर आल्यावर दुसऱ्याला उतरलो. समोर निजामाबादची टीम. त्यांच्या एका मुलीच्या मागे मी धावत होतो. डिस्क तिच्या हातून सुटली आणि ती वळून म्हणाली, "फाउल." तिचा शब्द पुरा व्हायच्या आत मी म्हणालो, "हो हो, सॉरी." त्यावरून त्यांनी गोल केला. सामना आम्ही कसाबसा वाचवला आणि उपांत्य फेरीत गेलो, पण अक्कानं मला बाहेर काढलं ते काढलंच.

संध्याकाळी स्टँडजवळ एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली. खानावळ मुद्दाम शोधून जावी अशी. अक्का माझ्या समोर बसली.

"ते पोरगी खरं बोलत होती का?"

"मले नाई माहीत."

"मंग हाव काऊन म्हणला?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"तुले वाटते तू तिले मान देल्ला," अक्का म्हणाली. "तू तर तिचं ऐकलं बी नाई. तिनं विचारलं, लागला का? तू पळून गेला. लागला असन तर लागला म्हण. नसन तर नाई म्हण. पण आधी पाह्य तरी."

बाळू मध्येच म्हणाला, "अक्का, त्याले जेवू दे. अंबाडी बी आंबट, तू बी आंबट."

ती हसली नाही. मला त्या जेवणाची चव चांगली आठवते, हेच नवल.

रविवारी उपांत्य सामना हैदराबादच्या एका टीमशी होता. त्यांचे बहुतेक जण इंजिनिअर, आपसात इंग्रजी बोलणारे, सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे. त्यांच्यातला सगळ्यात उंच मुलगा कार्तिक. त्यानं आमच्यावर एकट्यानं चार गोल केले. पण पूजा त्या दिवशी काय खेळली! तिच्या थाळ्या वाऱ्यातही सरळ जात होत्या. वेळ संपली तेव्हा बरोबरी होती. आता जो गोल करेल तो अंतिम फेरीत.

अक्का ओळीजवळ आली. बाळूची पोटरी धरली होती, कार्तिकच्या मागे धावेल असं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"उतरतो का?" तिनं विचारलं. "पण जे झालं ते बोलशील. आपल्या बाजूचं असो का त्यायच्या."

"बोलतो," मी म्हणालो. बुटाची नाडी आवळली आणि ओळीवर गेलो.

त्यांच्या मुलीनं लांब फेकली. कार्तिक पट्ट्याकडे धावला, मी त्याच्या खांद्याला खांदा लावून. दोघांनी उडी मारली. माझ्या बोटांना डिस्कची कड लागली, गार आणि कठीण. ती खाली पडली आणि मग आम्ही दोघे एकमेकांवर आदळून मुरमावर आलो.

"फाउल," कार्तिक म्हणाला.

सगळे थांबले. तो उठला, मला हात देऊन उठवलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "भाई, तेरा हाथ मेरे हाथ पे लगा. उसके बाद डिस्क गिरी."

मान्य म्हटलं असतं, तर त्यांना डिस्क आमच्या पट्ट्याच्या तोंडाशी मिळाली असती. पण तेव्हा मला ते आठवलंही नाही. मान हलवायला सुरुवात झाली होती, ती मी थांबवली. पूर्ण उडी पुन्हा मनात आणली. डिस्कची कड. मग त्याचं मनगट. कड आधी होती.

"हाथ लगा," मी म्हणालो. "लेकिन बाद में. पहले डिस्क को लगा. मैं नहीं मानता."

"पक्का?"

"पक्का."

मला वाटलं, आता हा हसेल किंवा आवाज चढवेल. तो म्हणाला, "मेरे को वैसा नहीं लगा. ठीक है, डिस्क वापस." आणि त्यानं ती स्वतः उचलून फेकणाऱ्या मुलीकडे नेऊन दिली.

पुन्हा खेळ सुरू झाला. या वेळी तिनं दुसऱ्या बाजूला फेकली. त्यांच्या एका बुटक्या मुलीनं जमिनीलगत झेप घेऊन ती झेलली. झेल स्वच्छ होता, कुणी काही म्हणण्यासारखं नव्हतं. आम्ही हरलो.

सामना संपला की दोन्ही टीम एकाआड एक खांद्यांवर हात टाकून रिंगण करून उभ्या राहतात आणि एकमेकांबद्दल बोलतात, अशी या खेळाची रीत आहे. कार्तिक माझ्या शेजारी आला. त्याचा घामेजलेला हात माझ्या मानेवर होता. बोलायची पाळी आल्यावर तो म्हणाला, "इससे अब भी मेरा झगड़ा है. मेरे हिसाब से फाउल था."

"मेरे हिसाब से नहीं था," मी म्हणालो.

सगळे हसले, तोही हसला, आणि हात तिथेच राहिला. पूजा त्या बुटक्या मुलीला विचारत होती, अशी झेप घ्यायला कोण शिकवतं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. अक्का मागच्या सीटवर झोपली होती. मी ती उडी परत परत मनात आणत होतो. गुडीहतनूरपर्यंत कड आधी होती. इचोड्यात जरा शंका आली. घाट उतरेपर्यंत पुन्हा कड आधी. कार्तिकच्या मनगटाला जे जाणवलं ते त्यालाच माहीत, आणि त्यानं ते खरंच सांगितलं असणार. दोघांचं खरं सारखं निघालं नाही, एवढंच. आजवर मला वाटायचं, कुणाला नाही म्हटलं की त्याच्याशी बोलणं संपतं. दुकानात, सरकारी कचेरीत, घरातही मी तसंच पाहिलंय. त्या मैदानावर ते संपलं नाही. सगळीकडे तसं असेल असं मी म्हणत नाही.

घरी दादानं विचारलं, "जिंकले का?"

"नाई."

"पंचानं पैसे खाल्ले असन."

"पंच नसतेच दादा."

"मंग भांडण मिटवते कोण?"

"मिटत नाई बहुतेक. खेळ पुढं चालते."

दादा म्हणाला, असल्या खेळात काही दम नाही, आणि टमाट्याच्या क्रेट उतरवायला गेला.

तुम्ही कुणी आपल्या गावची टीम घेऊन जाणार असाल, तर थंडीतच जा, उन्हाळ्यात त्या मुरमावर उभं राहवत नाही. निघण्याआधी हा फाउलचा नियम सगळ्यांना नीट समजावून सांगा. विशेषतः जे माझ्यासारखे पटकन मान हलवतात त्यांना.

पुढच्या सरावाला अक्कानं शेवटच्या पॉइंटाचे सात जण उभे केले, तेव्हा माझंही नाव घेतलं. पुढे काही बोलली नाही. बाळू पोटरीला पट्टी बांधून समोरच्या बाजूनं खेळत होता. मी उडी मारून त्याच्या हातावरून थाळी उडवली आणि तो ओरडला, "फाउल."

मी थांबलो. उडी आठवून पाहिली. या वेळी हात आधी लागला होता.

"मान्य," मी म्हणालो.

बाळूनं अक्काकडे पाहिलं. "गेलं पाण्यात. पोरगं पुन्हा पहिल्यासारखं झालं."

"नाई," अक्का म्हणाली. "या वेळी त्यानं पाह्यलं. थाळी घे, खेळ."