रोजचा माणूस

‘तेंच्याकडे बघू नकात, साहेब. मेथी बघा.’

आमची ओळख या वाक्याने झाली. मस्कतच्या उत्तरेकडच्या सोहारहून समुद्राकडे पाठ करून आत गेलं की जनावरांच्या चाऱ्याची मोठमोठी शेतं लागतात. त्यातल्या एका शेतावर पंपघरामागे कोणी कोकणी माणूस मेथी आणि लाल माठ लावतो, अशी बातमी आमच्या मराठी मंडळींत फिरत होती. परदेशात मेथीची बातमी लपून राहत नाही. एका शुक्रवारी सकाळी आम्ही नवरा-बायको पिशवी घेऊन हजर झालो. निळ्या बॉयलर सूटमधला, पन्नाशी ओलांडलेला काटक माणूस वाफ्यात उकिडवा बसून जुड्या बांधत होता. त्याच्या पलीकडे सपाट हिरव्या रानात काही भलेमोठे काळे पक्षी चरत होते. मी बोट करून बायकोला दाखवायला गेलो. माना वर झाल्या आणि पक्षी तरातरा चालत दूर निघून गेले. मान वर न करता काका वरचं वाक्य बोलले.

काका मी म्हणायचो. शेतावर सगळे त्यांना ‘मुहंदिस’, म्हणजे इंजिनियर, म्हणत. पंप, पाइप, रानात गोल फिरणारा तो चाकांवरचा लांबलचक फवारा, सगळं त्यांच्या हाती होतं. मी पोलादाच्या कारखान्यातला पदवीवाला इंजिनियर, पण त्या शेतावर मला कोणी मुहंदिस म्हटलं नाही. मान होता तो त्यांचाच.

ते पक्षी टर्की होते. अरबीत त्यांना रूमी कोंबडा म्हणतात. शेताच्या मालकाने, अर्बाबने, हौसेने आणलेले. एका वादळी वाऱ्यात खुराड्याची जाळी उडाली, पक्षी रानात गेले आणि दोन वर्षांत पक्के जंगली झाले. काही कोल्ह्यांनी नेले. उरले सात. हे सात दिवसभर उघड्या रानात चरायचे आणि संध्याकाळी गाफच्या झाडावर जाऊन बसायचे. शेजारच्या शेताचा मालक येता-जाता अर्बाबची थट्टा करायचा, की तुझी कोंबडी माझ्या शेतात जेवतात आणि तुला ओळखही देत नाहीत. हे अर्बाबला लागलं. त्यांनी ठरवलं, सातही परत हवेत आणि जिवंत हवेत. माणसांनी जाळी घेऊन, मोटार घेऊन, आरडाओरडा करून सगळं करून पाहिलं. पक्षी आणखी शहाणे झाले. मग काम मुहंदिसकडे आलं.

काकांचं गाव देवगडच्या बाजूला, सड्यावर. सडा म्हणजे उघडाबोडका कातळ, आडोशाला झुडूपही नाही. लहानपणी तिथे त्यांनी तित्तर आणि लावे पकडले होते. पुढे सोडून दिलं ते सगळं, पण हात विसरला नव्हता.

‘लपाक जागा नाय थंय काय करतलास?’ त्यांनी मला एकदा विचारलं.

मी म्हटलं, रंग जुळवणारे कपडे घालीन, पोटावर सरपटत जाईन. मी असे व्हिडिओ पाहिले होते.

ते बराच वेळ हसले. ‘तो माणसाक भियणा नाय, साहेब. नव्या माणसाक भियता. आपण रोजचो माणूस होऊक होयो.’

त्यांची सगळी विद्या यात आली. रोज पहाटे उजाडल्या उजाडल्या ते रानात उतरत. तोच बॉयलर सूट, तीच बादली, तीही डाव्याच हातात. पक्ष्यांच्या दिशेने कधीच सरळ जायचं नाही. बाजूने, वळसा घेत, जणू पलीकडच्या नळीचं काम आहे. नजर जमिनीवर. पक्ष्याने मान वर केली की आपण सगळे काय करू? थबकू. काका थबकत नसत. ‘थांबलास की संपला. काम करीत ऱ्हवा.’ ते वाकत, दोन काड्या उपटत, नळीला ठोका देत आणि पुढे जात. ईदला अर्बाबने दिलेला नवा शर्ट त्यांनी त्या रानात एकदाही घातला नाही.

आणि मग पिंजरा. खजुरीच्या झावळ्यांचा, माणूस उभा राहील एवढा उंच. दार मात्र अगदी खाली, गुडघ्याएवढं, आणि दारातून आत जाणारा एक उथळ चर. चरात दाणे. पक्षी दाणे टिपत, मान खाली घालून, चरातून थेट आत येतो. आत आल्यावर मान वर करतो. मग भिंती बघतो, छप्पर बघतो, फटींतलं आभाळ बघतो. दार उघडंच असतं.

‘तो खाली बघणाच नाय,’ काका म्हणाले. ‘वाट पायाकडे आसा, पन मान वर.’ मग म्हणाले, ‘आपण पन तसेच इलव हंय.’

मी हसलो. ते हसले नव्हते.

एका हिवाळ्यात सहा पक्षी आत आले. मी बहुतेक प्रत्येक शुक्रवारी जात होतो. मेथी हे आता निमित्त होतं. पंपघराच्या ओट्यावर बसायची मला परवानगी होती, रानात उतरायची नव्हती. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याचं काम नुसतं बघत बसावंसं वाटतं. आपल्याला ते येणार नाही हे ठाऊक असतं, तरी उठवत नाही.

सातवा मात्र म्हातारा नर होता, एक बोट तुटलेला. तो चराच्या तोंडापर्यंत यायचा, एक दाणा उचलायचा, आणि मागे सरायचा.

याच सुमारास एका शुक्रवारी काकांनी फोन माझ्यापुढे धरला. गावाहून पुतण्याने दवाखान्याचा कागद पाठवला होता, इंग्रजीत. मी वाचला. त्यांची आई घरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. वय चौऱ्यांशी. शस्त्रक्रिया झेपणार नाही असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. मी सांगितलं. ते फवाऱ्याकडे बघत ऐकत होते.

‘किती दिवस?’ त्यांनी विचारलं.

मी डॉक्टर नव्हे. तरी म्हणालो, ‘एवढी थंडी काढतील बहुतेक.’

‘मग जमात,’ ते म्हणाले.

काय जमेल ते मला हळूहळू कळलं. अर्बाब एकदा चहा पिताना सगळ्यांसमोर बोलून गेले होते, की शेवटचा रूमी आत आला की मुहंदिसला दोन महिने सुट्टी, वल्ला, म्हणजे देवाशपथ. बोलणारा विसरला असेल, पण काकांनी तो शब्द धरून ठेवला होता. सरळ सुट्टी का मागत नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आधीच्या पंपवाल्याची गोष्ट सांगितली. त्याने ऐन हंगामात सुट्टी मागितली, आणि अर्बाबने त्याला कायमचं घरी धाडलं. व्हिसा खलास. काकांना आईकडे जायचं होतं, आणि परतही यायचं होतं. मुलगी कुडाळला नर्सिंगला होती, तिचं शेवटचं वर्ष बाकी होतं. तो सगळा भार या नोकरीवर होता.

‘तीन आठवडे,’ त्यांनी हिशेब मांडला. ‘रूमी तीन आठवड्यांत आत येतलो. मगे अर्बाब आपणच म्हणतलो, जा.’

‘आणि आईचं काही झालं तर?’

त्यांनी बादली उचलली. ‘म्हणान तर घाई करूची नाय.’

मला ते पटलं नाही. मी पुण्याचा. तोंडावर बोलण्याला आमच्याकडे सद्गुण समजतात, आणि मी तो लहानपणापासून मन लावून जोपासला आहे. आजारी आई आणि एक कोंबडा, यांच्यामध्ये माणसाने असं ताटकळत राहावं याची मला आठवडाभर चीड येत राहिली. कोणावर, ते नीट सांगता आलं नसतं. थोडी काकांवरही होती.

पुढच्या शुक्रवारी अर्बाबकडे पाहुणे होते. मजलिसमध्ये, म्हणजे शेतावरच्या बैठकीच्या खोलीत, हलवा आणि खजूर मांडले होते. अर्बाबने मला पाहिलं आणि आग्रहाने आत बसवलं. माणूस अगत्याचा होता, हे मी आधीच सांगायला हवं होतं. उघड्या दारातून रान दिसत होतं. काका दूरवर वाकून काहीतरी करत होते आणि म्हातारा नर त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर, चरात, दाणे टिपत पुढे सरकत होता. अर्बाब पाहुण्यांना आपल्या मुहंदिसची कर्तबगारी रंगवून सांगत होते. सगळे हसत होते, शेजारच्या शेताचा तो मालकही.

मी बोललो. हिंदीत, आणि गरजेपेक्षा मोठ्याने. म्हणालो, की या माणसाची आई मरणाला टेकली आहे आणि तुम्ही त्याला एका कोंबड्यासाठी अडकवून ठेवलं आहे.

हसणं थांबलं. कॉफी वाढणारा पोऱ्या किटली घेऊन पुढे आला. अर्बाबने आपला कप दोन बोटांत हलवला, म्हणजे आता पुरे, आणि खाली ठेवला.

‘माँ का बात मेरे को किसी ने बोला नहीं,’ ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग ते उठले, पाहुणे उठले, आणि पांढऱ्या पायघोळ डिशदाशांतली ती सहा-सात माणसं सरळ रान तुडवत काकांकडे चालत गेली. मी मागे. नराने मान वर केली, चार पावलं पळाला, आणि जड पंख मारत शेताच्या कडेवरून पलीकडे गेला. काका कमरेत वाकलेले तसेच राहिले. ते उशिरा उभे राहिले.

‘हम आदमी को माँ से रोकने वाला नहीं है,’ अर्बाब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘तुम कल जाओ. खलास.’

त्या खलासमध्ये सगळं होतं. ऐन हंगामात पंपाला माणूस हवा, नव्या माणसाला व्हिसा हवा, म्हणून जुन्याने तो मोकळा करायचा. अर्बाबने विमानाचं तिकीट काढलं, आईसाठी अत्तर आणि हलव्याचा डबा दिला. आपण उदारपणा केला असंच त्यांना वाटत होतं, आणि तो उदारपणा होताही. काकांनी ‘शुक्रान’ म्हटलं आणि बादली पंपघरात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना मस्कतच्या विमानतळावर सोडलं. अडीच तासांची वाट. मी माफी मागायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा रस्त्याबद्दल काहीतरी बोललो. बरका गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, ‘तुमी सरळ गेलास, साहेब.’ त्यात राग नव्हता. पंप का बिघडला हे ते सांगत तसंच सांगितलं. नंतर त्यांनी विचारलं, ‘वहिनींका माठ पोचलो मां कालचो?’

आई तीन महिने जगली. काकांचा फोन आला तो थेट दिवसकार्य झाल्यावर. ‘माज्या हातची पेज जेवली ती, शेवटपर्यंत,’ ते म्हणाले. ‘तुमी बोललास म्हणान मी पोचलंय. नायतर चुकली असती.’ ते माझे आभार मानत होते. माझ्या बायकोने शेजारून ऐकलं आणि तेव्हापासून ती म्हणते, तू चांगलंच केलंस. मग मी मुलीचं विचारलं. ‘चेडवान कॉलेज सोडल्यान,’ ते म्हणाले. ‘आता देवगडाक कापडाच्या दुकानात जाता. बरा चाललाहा.’

नर्सिंगचं एक वर्ष राहिलं होतं. तीन आठवडे मी थांबलो असतो, तर आईही भेटली असती आणि वर्षही पुरं झालं असतं. कदाचित. रूमी आत आलाच नसता, असंही मी स्वतःला सांगून पाहतो, पण मी त्याला चरात पाहिलं आहे.

मी कारखान्यातल्या ठेकेदारांकडे शब्द टाकला. काकांचं वय आडवं आलं. शेवटी, मेथी बंद झाल्यापासून महिनोन् महिने टाळलेल्या त्या शेतावर गेलो. नवा पंपवाला नळ्या जोडत होता. रानात पक्षी दिसला नाही. मी अर्बाबला विनवलं, काकांना परत बोलवा, अमुक कारण आहे, मुलीचं शिक्षण आहे. ते ऐकत राहिले. दोन वर्षं तरी व्हिसा नाही, म्हणाले, नवा आदमी आला आहे, त्याचंही घर आहे. मग त्यांनी कॉफी ओतून कप माझ्यापुढे सरकवला.

‘बारह साल मेरे पास काम किया,’ ते म्हणाले. ‘माँ का बात मेरे को खुद क्यों नहीं बोला? पहले दिन बोलता, मैं पहले दिन छोड़ता. दो महीना, तीन महीना. वापस भी बुलाता.’

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच दुखावल्याचे भाव होते. खरं बोलत होते की तसं आता वाटत होतं, मला सांगता येणार नाही. त्यांनाही आलं नसतं.

काका अजून महिन्यातून एकदा फोन करतात. पाऊस, आंबा, माझ्या बायकोची पाठदुखी, सगळं विचारतात. मागच्या वेळी म्हणाले, ‘शेतार गेलास काय कधी? अर्बाब काय म्हणतत?’

‘बरे आहेत,’ मी म्हणालो. ‘तुमची आठवण काढतात.’

तेवढंच सांगितलं.