पोटॅशियमचं दार बाबांना समजावताना

हैदराबादला संशोधनासाठी माझी निवड झाल्याचं पत्र आमच्या गावी, वांकिडीला आलं, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "तू तिथं जाऊन काय करनार, थे मले समजाव. समजलं तं जाय." चार दिवसांत होकार कळवायचा होता. मला वाटलं, हे तर चुटकीसरशी होईल. किती शहाणी होते मी!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीसारख्या ऑफिसात, अटेंडर होते, साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसायचे. म्हणून मी दारापासूनच सुरुवात केली. मज्जापेशीला पोटॅशियमची बारीक दारं असतात. ती उघडी असली की पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी शांत बसते. बाहेरून एखादं रसायन निरोप घेऊन येतं, पण ते स्वतः आत शिरत नाही.

"मंग?"

"अर्जदार कुठं साहेबांच्या खोलीत शिरतो? अर्जी तुमच्या हातात देतो. तुम्ही क्लार्ककडे, क्लार्क साहेबांकडे. तसाच आत निरोप हातोहात जातो. शेवटचा जण दारावर फॉस्फेटचा शिक्का मारतो आणि काही दारं त्यानं बंद होतात. मग पेशी जरा डिवचली तरी तडकते."

बाबांनी चहा संपवला. "नाही समजलं. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून दाखवलं. नाही समजलं. तिसऱ्या दिवशी अटेंडरचं महत्त्व इतकं वाढवलं की साहेब बिचारे कोपऱ्यात गेले. तरी नाही. माझं डोकं फिरलं. स्वतःच्या बापाला समजावता येत नाही, तर संशोधन काय कपाळ करणार! मागच्या अंगणात जाऊन रडलेसुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी तिथंच कपडे धूत होते. स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला. ते आईला सांगत होते, "रसायन आत नाही जात, बाहीरूनच निरोप देते. आतले लोक हातोहात पोचवतात. शिक्का बसला का पोटॅशियमचं दार बंद. अन् थो शिक्का काढनारा बी कोनी असनच. नाही तं पेशी पुना शांत कशी बसन?"

शिक्का काढणाऱ्याचं मी सांगितलंच नव्हतं. ते बाबांनी स्वतःच काढलं होतं, आणि बरोबर काढलं होतं.

"येवढं समजलं तं पोरीले काऊन सांगत नाही?" आईनं विचारलं.

"सांगतलं का जाईन ना थे."

मी ओल्या हातांनीच दारात जाऊन उभी राहिले. बाबांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली.

"समजलं वं बाई. पयल्याच दिवशी समजलं."