चार सेंट कमी

साक्षगंधाच्या बोलणीत मी व्याह्यांना शब्द दिला होता, सुनेला अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याची अंगठी घालू. दिलेला आकडा मी सहसा मोडत नाही. त्यामुळे मुलाला आणि होणाऱ्या सुनेला घेऊन वर्ध्याच्या सराफाकडे गेलो, तेव्हा आधी वजनच विचारलं.

सराफाने दोन हिरे शेजारी ठेवले. एक पन्नास सेंटचा, म्हणजे नेमका अर्धा कॅरेट, आणि दुसरा सेहेचाळीसचा. पण वरून पाहताना हलका हिराच मोठा दिसत होता. वजनाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी दोन्ही पुन्हा काट्यावर ठेवायला लावले. वजनं बरोबर निघाली.

"काका, कॅरेट म्हणजे वजन, आकार नाही," सराफ म्हणाला. "जड हिरा खाली खोल आहे, म्हणून अंगठीत उंच बसेल."

सून सेवाग्रामला नर्स आहे. ती संकोचत म्हणाली, "बाबा, उंच असली तर हातमोजे फाटतात जी. मग ती कपाटातच राहीन."

मी तिथूनच व्याह्यांना फोन लावला. "अर्धा कॅरेट म्हणालो होतो, पण चार सेंट कमी भरून राह्यले."

"काऊन जी व्याही, हिरा घेता का कापूस मोजता?" ते हसले. "साक्षगंधात मी काय काटा घेऊन येणार हाओ? पोरगी रोज घालन तेच घ्या."

सेहेचाळीसचा हिरा ठरला. तिच्या बोटाचं माप मात्र मी दोनदा घ्यायला लावलं.