लिडियाबाईचा कायद्यातला नवरा

उरलेल्या पिठाच्या दोन भाकरी आत्ताच कराव्यात, की एक रात्रीपुरती ठेवावी, या विचारात लिडियाबाई चुलीपुढं बसली होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची तर पोटात काहीतरी हवंच. तेवढ्यात कडी वाजली.

"उघडंच हाय, ढकला!" ती आतूनच म्हणाली.

दार कुणी ढकललं नाही. पदराला हात पुसत ती उठली. उंबऱ्याबाहेर शलमोन उभा होता, पारनेरचा, तिचा पहिला नवरा. केस पार पांढरे झालेले, हातात घडी घातलेला कागद.

"आत ये म्हनतीस, का आता कोर्टातच बोलायचं?"

"कंचं कोर्ट? आन् तुमी हितं कोल्हारला कसं?"

"सही तुजी हाय, आन् मलाच इचारतीस? म्या तुला दारू पिऊन झोडपायचो, लिडिया? मारून घराबाहेर काढली तुला? अगं, दारूचं सोड, मला दुसरा कप च्या झाला तर झोप लागत न्हाई!"

तिला हसू यावं तसं झालं, आणि मग त्याच्या हातातल्या कागदाकडं तिची नजर गेली.

शलमोननं तिला कधी बोट लावलं नव्हतं. त्यांना मूल झालं नाही, एवढंच. सात वर्षं वाट पाहून दोन्हीकडची वडीलमाणसं लिंबाखाली बसली. आजे-पणजे ख्रिस्ती झाले, देव बदलला, पण नवराबायकोनं सुटं व्हायची रीत जुनीच राहिली होती. पंचांपुढं दोघांनी मिळून काडी मोडली, गूळ वाटला. तिच्या बापानं शलमोनला जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. चर्चमध्ये लागलेलं त्यांचं लग्न काडी मोडून मोडत नाही, हे त्या पंचांतल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. मग शलमोननं मरिया केली, लिडिया कारखान्यावरच्या थॉमसच्या घरी आली. दोन्हीकडं हार घातले, चार माणसं जेवली, झालं लग्न.

थॉमसचं घर तिनं इतकी वर्षं सांभाळलं. यंदा तिला वेगळं काढून त्यानं एका तरुण पोरीशी चर्चमध्ये लग्न ठरवलं. हरकत असेल त्यानं सांगावं, असं पाळकसाहेबांनी रविवारी वाचून दाखवलं, तेव्हा भरल्या देवळात लिडियाबाई उभी राहिली. पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "बाई, यांच्याशी तुमचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं?" ती तशीच खाली बसली. पुढच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. थॉमसनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग ती शेळी विकून नगरच्या वकिलाकडं गेली. पोटगी हवी म्हणाली. वकिलानं सगळं ऐकून घेतलं. "थॉमस तुमचा कोणी लागत नाही. कायद्यानं तुमचा नवरा शलमोनच. आता एकट्याच राहता ना? मग अर्ज करता येईल," असं म्हणून त्यानं शलमोनचा पत्ता विचारला. लिडियाबाईला वाटलं, काडी मोडली होती हे सांगायला साक्षीदार लागत असेल. शलमोन खोटं बोलणार नाही, अशी तिची खात्री होती. म्हणून तिनं आनंदानं पत्ता दिला, आणि कारकुनानं बोट ठेवलं तिथं न वाचताच सही केली.

"म्या साक्षीला तुमचं नाव दिलं," ती आता म्हणाली. "देवाशपथ सांगते. थॉमसवरच अर्ज हाय असं वाटलं मला."

शलमोन उंबऱ्यावरच बसला. रागावायलाही त्याच्यात बळ उरलेलं दिसेना.

"म्या बी एका वकिलाला इचारलं. त्यो म्हनला, सुटं व्हायला दोगं राजी हुतो हे कबूल केलं तर कदाचित पोटगी द्यावी लागनार न्हाई. पर मरिया कायद्यानं माजी बायकू न्हाईच. कोर्टात हे सगळं उघडं वाचनार. मरिया निसती बसून हाय घरात. म्हनती, मंग इतकी वर्सं मी कोन हुते? थोरलीचं लगीन ठरलंय, तिला काय सांगू?"

"आन् तुमी काय करता सध्या?"

"काय करनार? तुज्यासारकंच. खडी."

लिडियाबाईनं त्याच्या हातांकडं पाहिलं. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. खटला जिंकला तरी या हातांतून तिला काय मिळणार होतं? आणि मिळालंच तर ते मरियाच्या ताटातलं. ज्याच्याकडं घर होतं, पगार होता, त्याच्यावर तिचा हक्क नव्हता. हक्क होता तो या माणसावर, ज्यानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

"म्या काढून घेते अर्ज," ती म्हणाली.

"सोमवारी तारीक हाय. तुला सोता यून सांगावं लागतंय म्हनं."

"यीन."

"मंग तुजं कसं व्हायचं?"

"कुनाला ठावं!"

तो उठला, कागद खिशात घातला. मग टोपी नीट करून निघाला. लिडियाबाई दोन पावलं त्याच्या मागोमाग गेली.

"अवं, थांबा जरा. शेळीचं पैसं वकिलानं घेतलं. मला सोमवारी नगरला जायापुरतं यस्टीचं भाडं द्या."