वाल सोलत भाषण ऐकणाऱ्या शरयूताई

शरयूताई कर्णिक यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पळून जात होते. डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या सभागृहात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची वार्षिक कॉन्फरन्स भरली होती. फुकटचा टीशर्ट पदरात पडला होता, जेवणही झालं होतं, आणि रविवारची दुपार घरी काढावी एवढाच माझा साधा विचार होता. दारापाशी खुर्ची टाकून बसलेल्या बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र घ्यायला हात पुढे केला आणि विचारलं, "सकाळपासून काय समजलं? एक वाक्य सांगा आणि खुशाल जा." मी काहीतरी ठोकून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे तर कार्यक्रमपत्रिकेतच छापलंय," त्या म्हणाल्या. "अजून एक भाषण ऐका, मग बघू." मी निमूट आत गेले. पुढल्या वर्षी स्वयंसेवकांच्या यादीत माझं, म्हणजे मानसी राऊतचं, नाव मला न विचारताच घातलेलं होतं.

ताईंनी नुकतीच पंचाहत्तरी पूर्ण केली, त्यानिमित्तच हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यांची सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या संगणक विभागात झाली आणि निवृत्तीनंतर चार समविचारी मंडळींना हाताशी धरून त्यांनी ही कॉन्फरन्स उभी केली. एकदा एका मोठ्या कंपनीने मदत देऊ केली. अट एवढीच की पहिलं भाषण त्यांच्या अधिकाऱ्याचं व्हावं. ताई म्हणाल्या, "होऊ दे की. फक्त त्यांना तालमीला पाठवा." ते गृहस्थ काही आले नाहीत, आणि मदतही आली नाही.

ही तालीम म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. वक्ता कितीही मोठा असो, त्याने आपलं भाषण आधी नौपाड्यात ताईंच्या बैठकीच्या खोलीत करून दाखवायचं. ऐकायला आम्ही चार-पाच स्वयंसेवक, ताई, आणि संगणकाशी काडीचाही संबंध नसलेल्या त्यांच्या जाऊबाई, मालतीकाकू. प्रत्येकासमोर सोलायला भिजवलेल्या, मोड आलेल्या वालांचं ताट. हात वालात असले की मोबाईलकडे जात नाहीत, असा ताईंचा हिशेब. काकूंची बोटं भराभर चालू लागली की वक्त्याने समजावं, कंटाळा आला. बोटं थांबली की मुद्दा पोचला. भल्याभल्या तज्ज्ञांनी काकूंच्या बोटांकडे बघून आपली भाषणं निम्म्यावर आणली आहेत. त्यानंतर सगळ्यांनी मिळून त्याच वालांची उसळ, म्हणजे बिरडं, खायचं.

ताई वेळेच्या बाबतीत कडक, वक्त्याची वेळ संपली की टेबलावरची घंटा वाजवतात. पण कल्याणचे एक वक्ते बोलताना फार अडखळत, म्हणून ताईंनी त्यांना जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची वेळ दिली आणि घंटा वाजवलीच नाही. जेवण उशिरा झालं. कारण कोणी विचारलं नाही, आणि ताईंनीही सांगितलं नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

आमची कंपनी शाळांसाठी गुणांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर करते. सरावाची प्रत समजून एका दुपारी मी एका शाळेची खरी माहितीच पुसून टाकली. आदल्या दिवशीची बॅकअप प्रत होती, तिच्यावरून दोन दिवसांत बरंचसं परत आणलं. पण त्या दिवशी भरलेले गुण शिक्षकांना पुन्हा भरावे लागले. ज्या मशीनवर मी काम करत होते, त्यावर माझा सहकारी रोहित भोईर याच्या नावाने लॉगिन केलेलं होतं. साहेबांनी त्यालाच दोषी धरलं आणि ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. मी गप्प बसले. एवढ्यावर न थांबता, पुढल्या वर्षी हरवलेला डेटा आम्ही कसा परत मिळवला, यावर ताईंच्या कॉन्फरन्समध्ये भाषण द्यायला निघाले.

तालमीत मी रंगात आले होते. काकूंची बोटं चक्क थांबली होती. संपल्यावर ताईंनी विचारलं, "पुसलं कोणी?"

"एका सहकाऱ्याकडून चूक झाली."

"मग त्याला बोलाव ना. खरा अनुभव त्याचा. अर्धा वेळ त्याला दे."

"तो नाही येणार, ताई."

"तू विचारलंस?"

त्या दिवशी माझं बिरडं ताटात तसंच राहिलं. ताटं उचलताना स्वयंपाकघरात मी ताईंना गाठलं आणि म्हटलं, "ताई, मीच पुसलं होतं." मला वाटलं, त्या रागावतील, निदान समजूत तरी घालतील. त्या म्हणाल्या, "अगं, मला सांगून काय होणार? मी ना तुझी साहेब, ना तो मुलगा." मग म्हणाल्या, "पत्रिका शुक्रवारी छापायला जाते. तुझं नाव मी काढत नाहीये. काढायचं असेल तर तू कळव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाळकुमला रोहितच्या सोसायटीखाली जाऊन उभी राहिले. "रोहित, तो डेटा मी पुसलेला," एवढंच बोलता आलं.

"माहितीये," तो म्हणाला. "लॉगमध्ये पुसल्याचा टाइम होता ना. तेव्हा मी खाली जेवायला गेलेलो."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलेलं, तू बोलशील. आज बोलशील, उद्या बोलशील. नंतर तर यार, तुझ्याशी बोलावंसंच वाटेना."

मला तिथेच रडू कोसळलं. सकाळी आम्ही दोघं साहेबांपुढे उभे राहिलो आणि खरं काय झालं ते मी सांगितलं. ते मला जे बोलले ते गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. पण रोहितला त्याचं काम परत मिळालं.

कॉन्फरन्समध्ये भाषण आम्ही दोघांनी दिलं. "पुसलं मी आणि सोसलं रोहितने," अशी मी सुरुवात केली. प्रश्नोत्तरांत तंत्राबद्दल कोणी काही विचारलंच नाही. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "माझ्याकडूनही असंच झालेलं. ऑफिसात अजून कोणाला बोललो नाही." मग आणखी एक बाई उठल्या. वेळ केव्हाच संपली होती. ताईंनी टेबलावरची घंटा उचलली आणि पर्समध्ये टाकली.

ताईंनी मला कधी उपदेश केला नाही. त्यांनी फक्त माझं नाव पत्रिकेत राहू दिलं. माझ्यावर एवढा विश्वास तेव्हा मी स्वतःसुद्धा ठेवला नसता, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

शरयूताई, तुम्ही शंभरी पार करा. गुडघ्यांनी कुरकुर न करता साथ द्यावी, नजर आजच्यासारखीच तीक्ष्ण राहावी. हे मागण्यात आमचा स्वार्थ आहे. त्या दिवशी व्यासपीठावरून मी सभागृहातले चेहरे पाहिले आहेत. अजून पुष्कळ जणांचं सांगायचं राहिलं आहे.