लाल झाकण

तेर्यो मेकॅनिकचा माणसांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्यात त्याची चूक होती असंही नाही. उभं आयुष्य जळके अँप्लिफायर उघडण्यात गेल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? डोंगरावरच्या बागिओ शहरात जुन्या घरांच्या भिंतीवर दोन सॉकेटं शेजारी शेजारी असतात, एक एकशेदहा व्होल्टचं, एक दोनशेवीसचं. पिन दोन्हीकडे बसते. म्हणून एकशेदहाच्या झाकणाला लाल रंग फासायची इथली रीत. तरी कुणीतरी घाईत चुकीच्या भोकात पिन खुपसतोच. एकशेदहाची वस्तू दोनशेवीसवर जळते, आणि दुकानात येऊन प्रत्येक जण एकच सांगतो, आपोआप बंद पडली हो. तेर्यो मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, हो ना, भुतानं पिन लावली.

मनांग सालुद त्याच्याही वरताण. इथं वडीलधाऱ्या बाईला मनांग म्हणतात, पुरुषाला मनोंग. बाजारात सुक्या मासळीचा धंदा, आणि पोटच्या पोरानं तराजूला हात लावला तरी डोळे त्याच्या बोटांवर. ती आली ती नवऱ्याचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर टॅक्सीत मांडीवर घेऊन. नवरा, इसाबेलो, गेल्याला वर्ष होत आलं होतं. अँप्लिफायर त्यानं तरुणपणी अमेरिकन छावणीतल्या एका साहेबाकडून घेतला होता, चालायचा एकशेदहावर. टेबलावर ठेवल्या ठेवल्या मनांगनं पिशवीतून नखांचा लाल रंग काढला आणि आतल्या एकेका भागाला ठिपका लावत सुटली. तुम्ही लोक चांगले भाग काढून फुटके घालता, असं तोंडावर म्हणाली. मग स्टूल ओढून तिथंच बसली. तेर्योला राग आला नाही. बाई आपल्यातलीच आहे, असं त्याला वाटलं.

ट्रान्सफॉर्मर काळा ठिक्कर, कंडेन्सर फुगलेले. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली, हे इसाबेलोचंच जुनं कर्तृत्व. फ्यूज धड असता तर तो उडाला असता आणि बाकीचं वाचलं असतं.

"खरं सांग तेर्यो," मनांग म्हणाली. "दोनशेवीस गेलं ना आत?"

"गेलं. त्यात शंका नाही."

मनांगनं रंगाची बाटली बंद केली. मला ठाऊकच होतं, म्हणाली. सूनबाईचं काम. पोरगा बोटीवर नोकरीला, घरात सून पुरिता आणि ती, दोघीच. पुरिताला हे धूड डोळ्यात खुपायचं, त्या जागी तिला टीव्ही हवा होता. वर्षश्राद्धाच्या जेवणासाठी साफसफाई करताना पिन लावली तिनंच, आणि वर तोंड करून सांगते, लालमध्येच लावली. रविवारी सगळे नातेवाईक जमणार, मनांग दुखवट्याचे काळे कपडे उतरवणार, इसाबेलोच्या आवडीच्या तबकड्या वाजायच्या होत्या. त्याआधी सुनेनं माहेरची वाट धरायची, असा निकाल मनांगनं देऊनही टाकला होता. फक्त मेकॅनिकच्या तोंडून ऐकायचं बाकी होतं, तेही आता झालं.

तेर्योनं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग नव्यानं भरलं, कंडेन्सर बदलले, खरा फ्यूज बसवला. पण काम करताना त्याच्या मनात पाल चुकचुकत राहिली. खोटं बोलणारा माणूस म्हणतो, मला काही ठाऊक नाही. ही पोरगी मात्र कुठल्या सॉकेटात लावली ते सांगते, आणि तेच तेच सांगते. आपण खरं तेच बोललो, पण अर्धंच बोललो की काय?

शनिवारी तो अँप्लिफायर घेऊन मनांगच्या घरी पोचला. दाराशी पुरिताची बॅग भरून ठेवलेली. भिंत श्राद्धासाठी नुकतीच रंगवलेली, पांढरी शुभ्र. मनांगनं लाल झाकणाकडे बोट दाखवलं, इथं लाव. तेर्यो सख्ख्या आईच्या घरातही व्होल्ट मोजायचं मीटर घातल्याशिवाय पिन लावणारा नव्हता. त्यानं मीटर घातलं. सुई एकशेदहा ओलांडून सरळ दोनशेवीसवर गेली.

आधी त्याला मीटरचाच संशय आला. पांढऱ्या झाकणात घातलं, तर एकशेदहा.

"तुझं यंत्र बिघडलंय," मनांग म्हणाली.

"यंत्र ठीक आहे, मनांग. झाकणं बदललीत. भिंत रंगवताना ती कुणी काढली होती?"

पुरिता जमिनीकडे बघत राहिली. तिनं कुणाकडे बोट दाखवलं नाही. मनांगची नजर झाकणाच्या स्क्रूंवर गेली. स्क्रूंवर पांढऱ्या रंगाचे ओघळ होते, आणि शेजारी लाल झाकणाच्या कडेला पांढऱ्या रंगात तिच्याच अंगठ्याचा ठसा. रंगारी डाग पाडतात, कामचुकार असतात, म्हणून भिंत तिनं स्वतः रंगवली होती. सुनेला ब्रशला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

"मीच," ती म्हणाली.

ती तिथंच खाली बसली. सगळ्या जगावर लक्ष ठेवलं बाईनं, आणि स्वतःचे हात तेवढे राहून गेले. तेर्योला तिची दया आली. स्वतःचीही थोडी लाज वाटली, कारण दुकानात मनांगचा निकाल ऐकून त्यानंही आधी या पोरीलाच दोषी धरलं होतं.

शेवटी मनांगनं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि सुनेपुढे धरला.

"तूच लाव झाकणं. माझ्या हाताचा भरवसा नाही आता."

पुरितानं लाल झाकण काढून एकशेदहावर बसवलं, पांढरं दोनशेवीसवर. तेर्योनं पिन हातात घेतली तसं तिनं त्याला अडवलं.

"थांबा मनोंग. सुई बघू द्या मला."

त्यानं मीटर घातलं. सुई एकशेदहावर थांबली. तिनं त्याला पुन्हा एकदा घालायला लावलं, तेव्हा कुठे पिन लावू दिली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले आणि इसाबेलोची तबकडी वाजू लागली. मनांगनं स्वतः पुरिताची बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. पुरितानं ती रविवार उलटून गेला तरी उघडली नाही.