महालाच्या दारातला दुसरा जोड

शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायला ब्राउन पेपर परवडायचा नाही. मग बाबा रद्दीवाल्याकडून गुळगुळीत कागदाची रशियन मासिकं आणायचे. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर तेव्हाच्या लेनिनग्राडजवळचा एक निळा महाल होता. बाबा नागपूरच्या एका म्युझियममध्ये शिपाई, आम्ही पाच जण एका खोलीत. तरी मी बी.ई. झाले — घराण्यातली पहिली — आणि २००४ साली नोकरीवर लंडनला आले. हे मी अभिमानानेच सांगते. आणि हेही, की भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

लंडनमधल्या इल्फर्डहून दर रविवारी मी घरी फोन करायची. बाबांचा एकच प्रश्न, "मंग पोरी, महाल कवा दाखवतं?"

"पुढच्या वर्षी बाबा, नक्की."

कधी माझी रजा, कधी त्यांचा पासपोर्ट... २००६च्या जानेवारीत बाबा गेले.

मे महिन्यात ऑफिसमधली ओल्गा सेंट पीटर्सबर्गला, म्हणजे जुन्या लेनिनग्राडला, माहेरी निघाली, तिच्याबरोबर मी गेले. दोन दिवस शहरातली आर्ट म्युझियम्स पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो निळा महाल. लाकडी फरशीवर ओरखडे नकोत म्हणून तिथे बुटांवरून जाड लोकरी सपाता चढवाव्या लागतात. दाराशी बसलेल्या आजींनी ओल्गाला एक जोड दिला, मला दोन. मी एक परत केला, त्यांनी तो पुन्हा पुढे केला. मागे लाइन खोळंबलेली... शेवटी बाकावर ठेवला आणि आत गेले.

सोनेरी दालनं, छतापर्यंत चित्रं. मला रडू येत होतं, धड काही दिसलं नाही.

बाहेर आले तर बाकावर जोड नव्हता. ओल्गाला चौकशी करायला लावली. आजी बराच वेळ बोलल्या. ओल्गा थांबत थांबत म्हणाली, "तुझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचा जोड परत दिला म्हणते. झटकून, नीट जोडीने लावून. बाकी लोक फेकून जातात. म्हणते, हा माणूस म्युझियममध्येच काम केलेला असणार."

बाबांच्या कामाबद्दल मी ओल्गाशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

"ते आत किती वेळ होते, विचार."

आजींनी सांगितलं — तुम्ही यायच्या पाचच मिनिटं आधी बाहेर आले.

आजींचा गोंधळ झाला असेल, दुसरंच कोणी असेल. ओल्गा अजून तेच म्हणते. असेलही.

त्या संध्याकाळी आईला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, बाबांनी महाल पाहिला.